स्टुलावर बसून विचारावे

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! ट्रंक, गादीची वळकटी आणि आईने बळेच दिलेली छत्री, सगळं धडपणे हॉस्टेलवर पोचलं. खोली दोघींची आहे, पण दुसरी मुलगी आलीच नाही. म्हणजे दोन खाटा, दोन कपाटं आणि एक खिडकी, सगळ्याची मालकीण मीच. धाकट्याने पैज लावलीय की मी महिन्याभरात रडत परत येईन. सुई बघून चक्कर येणारी ताई नर्स होणार, म्हणून तो पोट धरून हसला होता. हसू दे मेल्याला.

वॉर्ड बायकांचा, बारा खाटांचा. शिकाऊ नर्सचा आत्मविश्वास वाढला की पेशंटलाही बरं वाटतं का, याचं संशोधन कॉलेजच्या मॅडम करतायत आणि या वॉर्डातलं काम माझ्याकडे आलंय. रोज प्रत्येक पेशंटचा एक पांढरा फॉर्म. मनःस्थिती दहापैकी किती, एकटेपणा दहापैकी किती, आज तुमच्याशी कोणी बोललं का, आणि विचारल्याची वेळ. शिवाय माझा स्वतःचा एक पिवळा फॉर्म, त्यावर माझा आत्मविश्वास. नियम एकच, पण मॅडमनी तो तीनदा सांगितला. खाटेजवळ स्टूल घ्यायचं, बसायचं, विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत उठायचं नाही.

आज आत्मविश्वास दोन. खरं तर दीड, पण अर्ध्याला चौकट नाही.

गुरुवार, ६

आज रक्तदाब न चुकता घेतला, बाराच्या बारा जणींचा. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या मुख्य नर्स, काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे शाबासकी समजायची, असं वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या.

नऊ नंबरला एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांची खाट कोपऱ्यात, खांबाआड, त्यामुळे जाता-येता कोणाची नजर पडत नाही. चाळीस वर्षं वर्गावर काढल्याने उशाशी अजून लाल पेन्सिल असते. माझा फॉर्म हातातून घेऊन तपासतात, आणि उत्तर घाईत उरकलेलं दिसलं की लाल फुली मारून खाली एकच शब्द लिहितात, पुन्हा. मग मी मुकाट्याने पुन्हा लिहिते. मागे फक्त एक पुतण्या, तोही फोनपुरता. आज कोणी बोललं का, याला त्यांचं रोज एकच उत्तर, तू. आणि लगेच उलट मलाच विचारतात, जेवलीस का, झोप लागली का, घरची आठवण येते का.

इथे मला असं विचारणारं दुसरं कोणी नाही. मेसमध्ये मुली आपापल्या घोळक्यात बसतात आणि मी ताटाशी बोलते. आज बाईंना म्हटलं, मी रोज बसणार तुमच्याजवळ. त्या हसल्या. म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी बसलीस तर खरी.

मंगळवार, ११

बाईंची मनःस्थिती आठ, एकटेपणा शून्य. शून्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे तुझं काम. खोलीवर आल्यावर थोडं रडले, पण चांगल्या अर्थाने. धाकट्याला कळवणार नाही, पैज जाईल.

बुधवार, १२

लिहायलाच हवं.

एक सिस्टर रजेवर, दोन नव्या भरती, आणि मॅडम बाराला फॉर्म न्यायला येणार. मी धावत होते. अकरा जणींचे झाले. नऊ नंबरचा राहिला. खांबापाशी उभं राहून पाहिलं तर पडदा ओढलेला. झोपल्या असतील असं वाटलं. कालचेच आकडे उतरवले, मनःस्थिती आठ, एकटेपणा शून्य, वेळ अकरा चाळीस. पिवळ्यावर आत्मविश्वास नऊ लिहिला आणि मॅडमच्या हातात गठ्ठा दिला. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं.

एक वाजता मावशी जेवण घेऊन गेल्या आणि ओरडल्या.

डॉक्टर म्हणाले, साडेअकरा ते बाराच्या मधे गेल्या असाव्यात. घंटीचं बटण खाटेखाली पडलं होतं. आणि स्टूल खाटेला अगदी चिकटून होतं. मावशी सांगत होत्या की बाईंनीच सकाळी मुद्दाम ते जवळ ओढून घेतलं, माझी पोरगी येईल आता, म्हणून.

दहावा दिवस होता. मी कोणाला काही सांगितलं नाही.

शुक्रवार, १४

नऊ नंबरची गादी गुंडाळून ठेवलीय. मी अकराच फॉर्म भरले. पॅडमध्ये बारा निघाले.

खाट नऊ. आठ. शून्य. अकरा चाळीस. अक्षर माझं.

फाडून टाकला. चुकून भरला असेन. सवयीने होतं असं माणसाकडून.

शनिवार, १५

पुन्हा तोच फॉर्म. आज त्यावर लाल फुली होती आणि खाली तो शब्द. लाल पेन्सिल तर पुतण्या सामानाबरोबर घेऊन गेला, मी स्वतः पिशवीत घातली होती.

खाली मान घालून दहा वाजताची औषधं वाटली. चुकले नाही, एवढंच.

रविवार, १६

सुट्टी. आईला सगळं सांगायचं ठरवून फोन लावला. ती म्हणाली, अगं, कालच तर तासभर बोललीस, सगळं छान आहे, मैत्रिणी झाल्यात म्हणालीस. माझा जीव भांड्यात पडला, असंही म्हणाली.

मी काल फोन केलेला नाही.

पुढे काही सांगू लागले तर कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.

सोमवार, १७

मेसमध्ये ताट नाही. वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, आत्ताच तर जेवून गेलीस. हजेरीवर माझी सही आधीच. पिवळा फॉर्मही भरलेला, आत्मविश्वास दहा.

मला कोणी काही विचारत नाही. विचारायची गरजच नाही, माझी उत्तरं आधीच लिहिलेली असतात. आता कळतं, त्या पडद्याआड कसं वाटलं असेल.

मॅडम आल्या होत्या. फॉर्मच्या मागे सगळं खरं लिहून दिलं. मी त्या दिवशी बसले नाही, विचारलं नाही, आकडे माझे. त्यांनी वाचलं आणि हसून म्हणाल्या, वा, छान प्रगती. मी कागद ओढून घेतला. आठ. शून्य. दुसरं काहीच नव्हतं त्यावर.

मंगळवार, १८

ताप. चालताना भिंत धरावी लागते. मोठ्या सिस्टरनी वॉर्डातच झोपवलं. एकच खाट रिकामी होती –

मी नको म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्या चादर घालत राहिल्या.

बुधवार, १९

खांबाआडून काही दिसत नाही. नुसते पाय जातात-येतात.

नवीन शिकाऊ मुलगी आलीय. पॅड घेऊन धावतेय. अकरा जणी झाल्या तिच्या. खांबापाशी थांबली. मी हाक मारली – बटण दाबायला गेले तर खाली पडलं –

घड्याळात अकरा चाळीस. ती तिथूनच लिहितेय. अगं, बस ना. एक मिनिट –

गेली.

स्टूल सरकलं. आता अगदी खाटेला चिकटलंय.

कोणीतरी बसलंय. उत्तर येईपर्यंत उठणार नाही.

विचारतायत, आज तुझ्याशी कोणी बोललं का. मी म्हटलं, बाई, तुम्ही.

लाल फुली. पुन्हा.

बाई, मी त्या दिवशी बसले नाही.

पुन्हा.

बाई, मी त्या दिवशी बस