न्हाणीमागची केळ आणि हरिभाऊची विहीर

४ फेब्रुवारी १९६६

शेजारचा हरिभाऊ सकाळीच कुंपणापाशी, हातात तांब्या. "मास्तर, जरा पिऊन बगा." प्यायलो. मचूळ! शाळेतून येताना वाट वाकडी करून ज्या विहिरीवर आम्ही पोरं पाणी प्यायचो, ती ही.

कारण उघड आहे. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावरच्या मजूर-वसाहतीचा टँकर दिवाळीपासून तिथंच भरतोय, इंजिन लावून. परवानगी हरिभाऊनंच दिली. "पान्याला नाय कसा म्हनायचा?" आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. पण मागणारा तांब्या घेऊन येतो अशी आपली समजूत. हा इंजिन घेऊन आला. वरचं गोडं पाणी उपसलं की खालून समुद्र सरकतो.

त्याचा पानमळा याच पाण्यावर. पानवेलीला खारं सोसत नाही. पाऊस चार महिने लांब.

९ फेब्रुवारी

हरिभाऊला घेऊन वसाहतीतल्या कचेरीत. इंजिनियर कर्णिक, मुंबईचे, वयानं माझ्या धाकट्याएवढे. भिंतीवर मोठा नकाशा. खाली मुंबई, आणि आमच्याकडच्या नद्यांपासून तिच्याकडे गेलेल्या निळ्या रेघा. शहर वाढतंय, पुढं पाणी कुठून आणायचं त्याची आखणी. नद्यांची नावं वाचता वाचता मन थेट चौथीच्या वर्गात. नदीची कविता, चाळीस गळे, एकच चाल, खिडकीबाहेर गुलमोहर...

भानावर आलो तो हरिभाऊ हात जोडून उभा, आणि कर्णिक सांगतायत, टँकर बंद केला तर इतकी माणसं पिणार काय? तेही खरं.

मी विचारलं, "या रेघांनी पाणी जातं. परत कुठून येतं?"

"परत येत नाही, मास्तर. गटारातून समुद्रात."

कर्णिक पेन्सिल चावत नकाशाकडे वळले.

११ फेब्रु.

दुपारी सौ. न्हाणीमागं केळफूल काढत होती. "साबण पिऊन वाढलीय मेली, बघा कशी माजलीय!" खरंच की. लग्न झाल्यापासून आम्ही आंघोळी करतोय आणि ही केळ आणि तो अळू पितायत. आणि तिकडे वसाहतीत शेकडो माणसं रोज...

तसाच उठून वसाहतीतलं आंघोळीचं पाणी कुठं जातं ते बघून आलो. चहा राहिला तो राहिलाच. सौ. अजून बोलतेय.

१२ फेब्रु.

कर्णिकांना आमच्या केळीचं सांगितलं. हसले नाहीत, हे विशेष. आंघोळीच्या ओट्यांचं पाणी सध्या खाजणात, खाऱ्या चिखलात जातं. उतार मात्र हरिभाऊच्या वाडीकडे! त्याच्या विहिरीचं बहुतेक पाणी केळी आणि नारळच पितात. ती झाडं या पाण्यावर गेली तर विहिरीवर मळा तेवढा राहील. टँकर मनोरकडच्या नदीवर पाठवायचा, त्यासाठी वर लिहितो म्हणाले. संडासांचं वेगळं आहे ना, हे मी दोनदा विचारलं. वेगळं आहे.

१३ फेब्रु.

हरिभाऊची बायको काशीवहिनी भडकली. "कोन कुठला मानूस, त्याच्या आंगावरचा पानी माज्या मळ्यात? मळ्यात आमी वहाना घालून जात नाय, मास्तर. ती पानं देवाला जातात." बरोबर आहे तिचं. मी कवितेत, मळ्याचं सोवळं विसरलो.

तोड सौ.नं काढली. ओट्यांकडून येणारा चर हरिभाऊच्या केळीपाशी थांबवायचा, मध्ये बांध. मळ्याला फक्त विहीर.

वहिनी म्हणाली, "बांध मी घालीन. मास्तरांच्या हातचा नको, वाहून जायचा."

२८ फेब्रु.

चर झाला. मजुरांनीच सुटीच्या दिवशी खणून दिला. एकानं विचारलं, "मास्टरजी, हमारे नहाने से केला उगेगा?" म्हटलं, "उगेगा, तो पहिला घड तुमको." माझं हिंदी ऐकून सगळे हसले.

पाणी आलं. फेसाळ, आधी भित्रं, मग मंदाक्रांतेसारखं, थांबत थांबत. पहिल्या केळीच्या आळ्यात शिरलं तेव्हा मी पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. म्हातारपण.

हरिभाऊला एकच चिंता. "उद्या पन न्हातील ना ते?"

१० मार्च

मनोरची परवानगी आली, पण पावसाळ्यापर्यंतच. विहिरीवरचं इंजिन आज उचललं. किती शांत वाटलं! मळ्याची खालची रांग मात्र पिवळी. बाकीची तग धरून.

कर्णिक मुंबईला जाणार आहेत. त्यांच्याकडच्या नकाशाच्या नकलेवर आता मुंबईकडून उलटी निघालेली एक तुटक रेघ. वापरलेलं पाणी निवळून बागांना, कारखान्यांना. "वरचे हसतील," म्हणाले. "हसू द्या," म्हटलं. "आमच्याकडे मजूर हसले आणि मग खणायला लागले." पेन्सिलीची रेघ आहे. शाईची होईल न होईल. माझ्या हयातीत बहुधा...

२ एप्रिल

इंजिन गेल्याला तीन आठवडे. संध्याकाळी हरिभाऊच्या अंगणात नवराबायको हमरीतुमरीवर.

"गोड हाय!"

"कसला गोड? जीभ मेली तुमची. मचूळच हाय."

"कालच्यापरीस गोड हाय का नाय, तेवढा सांग!"

वहिनीनं पुन्हा ओंजळभर घेतलं, तोंडात घोळवलं आणि यावेळी थुंकली नाही. पण कबूलही होईना. शेवटी दोघंही माझ्याकडे वळली. शिकलेला माणूस, निवाडा करा.

दोघांच्या देखत धीर झाला नाही. फुलपात्र भरून घरी आणलंय, समोर ठेवलंय. एवढं लिहून झालं की पितो.