दलदलीचा वाण

३ मे
आले एकदाची. ताईने स्टेशनवर मिठी मारली आणि दगड भरून आणलेस का म्हणत माझी बॅगही उचलली. ती इथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. तिच्या शब्दावरच मला नोकरी मिळाली. लसही तिनेच टोचली, वर दंड चोळून दिला. गोचिडीतून मेंदूज्वर पसरवणारा विषाणू कुठल्या भागातला, ते ओळखायचं हे आमचं काम. डोंगरातला वाण वेगळा, तळ्याकाठचा वेगळा, दलदलीतला वेगळा. वाण कळला की माणसाला गोचीड कुठे चावली तेही कळतं.

९ मे
पांढरी चादर गवतावरून ओढायची आणि तिला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने बाटलीत भरायच्या. दलदल माझ्या एकटीच्या वाटणीला आली आहे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञबाई म्हणाल्या, तिथला वाण माणसात अजून कुणालाच सापडलेला नाही, त्याच्यासाठी तुझी ताई चार वर्षं झुरतेय. संध्याकाळी माझ्या गुडघ्यामागे एक गोचीड निघाली. ताई म्हणाली, लस घेतलीस ना, मग कसली धास्ती?

१९ मे
चार दिवस तापाने फणफणले होते, आज ठणठणीत. ताईने सूप भरवलं, रोज रक्त तपासायला नेलं. एवढी माया तिने लहानपणीही केली नव्हती.

२४ मे
नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. आज एकेचाळीस नंबरचा विषाणू ताडून पाहिला. रक्त माणसाचं, वाण दलदलीचा. नाचतच ताईकडे गेले. नमुना कुणाचा, हे तिने विचारलंसुद्धा नाही.
दलदलीत तर मीच जाते.

२५ मे
तंत्रज्ञबाईंना खोदून विचारलं. त्या रडायलाच लागल्या. मला टोचलं ते नुसतं मिठाचं पाणी होतं. लस घेतलेल्या माणसात वाण हाती लागला नसता. सख्ख्या बहिणीने केलं हे. आणि ताप उतरला म्हणजे सुटले असं नाही, म्हणाल्या. मधले काही दिवस बरं वाटतं, मग विषाणू मेंदूत शिरतो.

२७ मे
मान वळत नाही. ताईला तोंडावर विचारलं. म्हणाली, बाहेरच्या कुणावर हे कसं करणार होते, तू घरची. मग घड्याळ पाहून वहीत काहीतरी टिपलं.

२८ मे
शब्द सापडत नाहीत. दाराला बाहेरून ते लोखंडी — खाली-वर करतात ते —

२९ मे
एका माणसाने सिद्ध होत नाही म्हणे. ताईने आमच्या धाकट्या बहिणीला बोलावलं — माझ्या शुश्रूषेला. फोन माझ्या कानाला लावला. येऊ नकोस म्हणायचं होतं. नुसता घोगरा आवाज — ताई तिला म्हणाली, बघ, तुझ्या नावाने कशी रडतेय.

३० मे
धाकटी निघाली. गाडी दुपारची — बाई, ही वही स्टेशनवरच तिच्या हातात द्या — ताई पोचायच्या आत — तिला म्हणावं, परत —