क्वेकबाईंसाठी खिचडी

३ फेब्रुवारी २०१७, शुक्रवार. रथसप्तमी.

सगळ्यात आधी उगवली ती सेरंगूनची नीता. सहाला बोलावलं तर पाचालाच दारात. हळदीकुंकवाला आली होती की माझ्या सुनेचा सोफा बघायला, देव जाणे. आल्या आल्या म्हणते, काकू, सिंगापूर मानवलं हो तुम्हाला! म्हणजे जाड झालात, असंच ना? स्वतः दारातून तिरकी आत येते. मागून बाकीच्या आल्या. अर्धा वेळ फोटोत गेला. वाण काय मिळालं ते कुणी बघितलंही नाही.

खरी मजा पुढेच. बेल वाजली, बघते तर समोरच्या फ्लॅटमधल्या क्वेकबाई. चिनी. माझ्याहून मोठ्या, ऐंशीच्या पुढच्या, काडीसारख्या. मी आल्यापासून कधी हसल्या नाहीत, आणि आज आपण होऊन दारात! सवाष्ण आहात का, हे विचारायला भाषा कुठे येते? लावलं कुंकू. हातावर तीळगूळ ठेवला. ओटीचे तांदूळ आणायला आत गेले तोवर गेल्यासुद्धा. लाजल्या.

विभा, माझी सून, म्हणते की आई, त्या तक्रार करायला आल्या होत्या, आपल्या चपलांनी कॉरिडॉर अडला म्हणून. विभाला कशात म्हणून चांगलं दिसत नाही. मला वाटतं क्वेकबाईंचा माझ्यावर जीव जडलाय.

४ फेब्रुवारी, शनिवार

ओजस सकाळपासून तोंड पाडून बसला होता. माझा नातू म्हणजे हिरा. तेराव्या वर्षी इतकी इंग्रजी फाडतो की त्याच्या बापालासुद्धा जमत नाही. विचारलं तर म्हणतो, आजी, प्रोजेक्ट आहे, यू वोंट अंडरस्टँड लाह. मी म्हटलं, लाह तुझ्या टीचरला. मला मराठीत सांग.

सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हे सिंगापूर घेतलं होतं. साडेतीन वर्षं त्यांच्या लष्कराचं राज्य. ते ज्यांनी स्वतः बघितलंय अशा माणसाला बोलतं करायचं, त्याची फिल्म करायची, ती शाळेत दाखवणार. माणूस मिळाला नाही तर गटाला इंटरनेटवरून काहीतरी उचलून आणावं लागेल, आणि टीचरला ते लगेच कळतं. समोरच्या क्वेकबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. ओजसने विचारलं तर त्यांनी दार अर्धं लावत सांगितलं, सो लाँग अगो, नो नीड.

एवढंच ना? मी म्हटलं, मी बोलती करते त्यांना. अख्खी चाळ बोलती केलेली बाई मी. आमच्या वरच्या मजल्यावरची दातखीळ बसल्यासारखी असायची, तिने मला नवऱ्याच्या पगारासकट सगळं सांगितलं होतं.

ओजस म्हणाला, आजी, प्लीज, तू काही करू नकोस.

पोर लाजरं आहे. माझ्यावर गेलंय.

७ फेब्रुवारी, मंगळवार. एकादशी.

लिफ्टमध्ये गाठलंच. क्वेकबाई, मी आणि त्यांची कोबीची पिशवी. विषय कसा काढावा? मग आठवलं. आमचे हे होते तेव्हा नेताजींच्या फोटोला रोज हार घालायचे आणि सांगायचे, सिंगापुरात जपान्यांनी आपल्याला मदत केली, तिथेच फौज उभी राहिली. म्हटलं, चला, ओळखीचा धागा सापडला. मी छातीवर हात ठेवून स्पष्ट इंग्रजीत म्हटलं, जपान गुड. नेताजी गुड. इंडिया जपान फ्रेंड.

क्वेकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग आमचा मजला यायच्या आतच मधल्या मजल्यावर उतरून गेल्या. पिशवीसकट.

भरून आलं असणार. जुन्या आठवणी म्हटलं की माणूस असा मधेच उतरतो.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

ओजसकडून त्या जपानी राज्याची माहिती घेतली. तयारीने जावं माणसाने. माझा मुलगा मुकुल ऑफिसातून आला तर म्हणतो, आई, कशाला उगाच? रॅफल्स प्लेसला दिवसभर माना डोलावून येतो आणि घरी मला शहाणपण शिकवतो.

तर ऐकलं ते असं. नाक्यानाक्यावर जपानी शिपाई उभा. जाता येता त्याच्यापुढे कमरेत वाकायचं. नाही वाकलं, किंवा कमी वाकलं, की थोबाडीत. घड्याळं जपानच्या वेळेवर लावायची. शाळेत सकाळी जपानकडे तोंड करून जपानी गाणं म्हणायचं. पेपरात रोज छापून यायचं की सगळं झकास चाललंय. लोक घरातसुद्धा कुजबुजत बोलायचे. तोंडावर बुरखा घातलेला एखादा खबऱ्या रांगेपुढे उभा राहायचा, कुणाकडे नुसती मान हलवली की तो माणूस गेला.

मी म्हटलं, यात नवीन काय? माझ्या सासरी हेच होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माजघराच्या दारात बसायच्या, येताजाता वाकायचं. घड्याळ त्यांच्या चहाचं. आणि बुरखा न घेता मान हलवणारी आमची मोठी जाऊ होतीच. माझ्यावर नाही कुणी फिल्म काढली.

ओजस म्हणाला, आजी, इट्स नॉट द सेम. मी म्हटलं, तू सून झाला नाहीस कधी.

विभा तिकडे भाजी चिरता चिरता हसली. कशाला हसली विचारलं तर म्हणाली, काही नाही आई, ती कढई जरा मी वापरू का? मी तिला सांगून ठेवलंय, मी आहे तोवर ओट्याकडे बघायचं नाही, आराम कर. तरी मधे मधे येते.

१४ फेब्रुवारी, मंगळवार. अंगारकी.

आज शोध लागला! साबुदाणा भिजवत होते तर ओजस म्हणाला, आजी, हा टॅपिओका आहे, ठाऊक आहे ना? कसले ते कंद, मॉलमध्ये लाकडाच्या ओंडक्यांसारखे ठेवलेले असतात, त्यांचाच साबुदाणा म्हणे. आणि त्या जपान्यांच्या राज्यात तांदूळ मिळायचा नाही, तर लोक तेच खायचे. ते आणि रताळी. सकाळी तेच, रात्री तेच.

मी हसत सुटले. म्हणजे यांची लढाई म्हणजे आपली एकादशी! साडेतीन वर्षं उपवास केला, त्याचं एवढं कौतुक? मी लग्न झाल्यापासून सोमवार, चतुर्थी, एकादशी धरते. माझं कुणी प्रदर्शन भरवलं नाही.

पण डोकं लगेच चाललं. लहानपणचा घास जिभेवर पडला की माणूस आपोआप बोलायला लागतं. क्वेकबाईंना साबुदाण्याची खिचडी घालायची. रताळ्याचा कीस. रताळ्याच्या गोड चकत्या. ते ओंडक्यासारखे कंदसुद्धा आणून उकडायचे, वर खोबरं. एवढं प्रेमाने त्यांना कुणी घातलं नसेल.

ओजस नको नको म्हणत होता. मी म्हटलं, शनिवारी टीचरला आणि पोरांना घेऊन ये. पुढचं माझं मी बघते.

१५ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत आज त्या दिवसाची आठवण म्हणून मुलांना नुसती पेज आणि उकडलेलं रताळं दिलं. जपान्यांनी शहर घेतलं तो हाच दिवस. ओजस घरी येऊन दोन प्लेट नूडल्स जेवला. बघा, असली यांची तालीम. मीठसुद्धा नव्हतं म्हणे पेजेत. शाळेने मला विचारायचं होतं, कीस करून दिला असता.

क्वेकबाईंना आमंत्रण गेलं. ओजसकडून सांगायला लावलं, आजी मार्चमध्ये इंडियाला परत जाणार, तिचा निरोपाचा चहा आहे. फिल्मचं बोलू नकोस म्हटलं. पोराचं तोंड एवढुसं झालं, पण गेला. त्या हो म्हणाल्या!

१८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री.

जिंकले! जिंकले!

नीट लिहिते. टीचर आल्या, ओजसच्या वर्गातल्या दोन मुली आल्या, एकीच्या हातात कॅमेरा. मग क्वेकबाई. चांगला फुलांचा ब्लाउज, हातात केकचा डबा, माझ्यासाठी. मी त्यांना टेबलाशी मधोमध बसवलं आणि झाकणं काढली.

त्यांनी सगळीकडे पाहिलं. एकेका ताटलीवर बोट ठेवून ओजसला विचारलं. त्याने खाली मान घालून सांगितलं. मग त्यांनी चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बोट केलं आणि ज्या सुटल्या! चहा निवून गेला तरी थांबेनात! आवाज काय, टेबलावर हात आपटणं काय, सगळा मजला ऐकत असेल. त्यांच्या भरभर इंग्रजीतलं मला एक अक्षर कळलं नाही, पण पुन्हा पुन्हा माझ्याकडेच बघत होत्या. मधेच जपान गुड, जपान गुड असंही म्हणाल्या, म्हणजे लिफ्टमधलं माझं बोलणं मनात ठेवलं होतं बाईने. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. ताट पुढे सरकवलं. त्यांनी मागे सरकवलं. परत सरकवलं. चिन्यांतही आग्रह लागतो, हे कळलं.

टीचर रडत होत्या. मुली रडत होत्या. मिरच्या मी बेतानेच घातल्या होत्या, पण यांना सोसत नाहीत.

शेवटी क्वेकबाई उठल्या. एक घास खाल्ला नाही, भिडस्त बाई. टीचरने त्यांचे दोन्ही हात धरले. ओजस त्यांना दारापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन आपल्या खोलीत गेला. दमला असेल.

विभाला म्हटलं, बघितलंस? तू चपला उचलत बसलीस, मी माणूस उघडलं. ती ताटल्या आवरायला लागली. जळते.

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ओजसला म्हटलं, ती फिल्म लाव आणि मराठीत सांग, काय काय कौतुक केलं माझं. तो नको म्हणाला. मी बसूनच राहिले. मग लावली.

क्वेकबाई म्हणत होत्या, ही बाई माझी थट्टा करते का?

म्हणत होत्या, हे मी तेव्हा खाल्लं. धाकटा भाऊ हेच खात होता. त्याचे पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. तो गेला. तेव्हापासून हे माझ्या घरात आलेलं नाही.

वडिलांना बोलावलं होतं. सगळ्या चिनी पुरुषांना बोलावलं होतं, चौकशीला. आईने पुरचुंडी बांधून दिली. संध्याकाळी येतो म्हणाले. आले नाहीत. कुठे नेलं ते कुणी सांगितलं नाही, विचारायची सोयही नव्हती. आई रोज रात्री त्यांच्या वाट्याचं टॅपिओका वेगळं काढून ठेवायची. आम्ही पोरं भुकेली, त्या वाडग्याकडे बघत बसायचो. हात लावायचा नाही. सकाळी आंबलेलं असायचं, तेव्हा आम्हाला मिळायचं.

आणि ही लिफ्टमध्ये मला सांगते, जपान गुड.

ओजस इथे थांबला. मी म्हटलं, पुढचं सांगू नकोस. फिल्ममध्ये मी दिसत होते. मान डोलावत होते. ताट पुढे सरकवत होते.

मला आधी सांगितलं असतं तर. एवढंच म्हणते. मला कुणी काही सांगतच नाही.

ओजस म्हणाला, आय टोल्ड यू, आजी. हळूच म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन बसला.

उरलेल्या खिचडीचं काय करायचं, म्हणून विभाने विचारलं. मी म्हटलं, तुझं स्वयंपाकघर आहे, तू बघ. तिने टाकली बहुतेक. दुपारी साधा वरणभात केला तिने. बरा झाला होता. मीठ जरा कमी.

संध्याकाळी केराची पिशवी घेऊन बाहेर गेले तर क्वेकबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी उभी राहिले. काय बोलायचं ते इंग्रजीत येत नव्हतं. मराठीतही आलं नसतं म्हणा. त्यांनी झारी खाली ठेवली, आत गेल्या. दार लावलं. आपटलं नाही.

टीचर आणि मुली परत येणार आहेत. राहिलेलं सगळं क्वेकबाई स्वतःहून सांगणार आहेत, त्यांच्या घरी बसून. फिल्म त्यांच्यावरच आहे. ओजस म्हणाला, आजींनी त्या दिवशी काही करून पाठवू नये, असं टीचरने दोनदा सांगितलंय.

शुक्रवारी येणार. चोवीस तारखेला, चार वाजता. महाशिवरात्र आहे त्या दिवशी.