परक्या घरचे वाळवण

डहाणू,
ता. ४ मार्च २०२५

श्री. हाकोन व सौ. सिग्रिड यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

मी प्रविण जगन्नाथ पागधरे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, तलासरी येथील एका पतसंस्थेत लेखापाल, आणि आपल्या घरी उतरलेल्या भाविनीचा पिता. आपले आभार मानावेत आणि एक अट आपल्या कानावर घालावी, एवढाच या पत्राचा हेतू आहे. भाविनीने हे पत्र आपल्याला शब्दशः समजावून सांगावे. स्वतःविषयीची वाक्ये गाळू नयेत.

आमचे घर डहाणूच्या किनाऱ्यावर. माझ्या वडिलांनी आयुष्यभर होडी चालवली. माझी पत्नी मैना बोंबील सुकवते आणि उधव्याच्या आठवडी बाजारात नेऊन विकते. शिक्षण संपल्यावर तीन महिने परदेश पाहण्याचा, तोही हॉटेलांत न उतरता खेड्यातल्या घरांत राहून, हा हट्ट भाविनीचा. मी परवानगी दिली ती अशी, की ज्या घरात राहशील तिथून एक जरी तक्रार आली, तर पुढचा प्रवास रद्द करून परत यायचे.

आपणही मासेमारीवर जगता हे कळल्यावर मैनेला हायसे वाटले. मला मात्र समुद्रावरची माणसे ठाऊक आहेत. ती पाहुण्याला तोंडावर बोलत नाहीत. भाविनी उशिरा उठते आणि अंघोळीला घरातले सगळे गरम पाणी संपवते. तेव्हा संकोच न करता कळवावे.

आपल्या घराची माया तिला लाभावी, आणि ती तिने कष्टाने मिळवावी.

आपला,
प्रविण पागधरे

* * *

उत्तर नॉर्वे,
२१ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस भाविनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राचा फोटो मिळाला. शब्दशः वाचून दाखवलं. गरम पाण्याच्या वाक्याला सिग्रिडकाकू इतक्या हसल्या की मला ते दोनदा वाचावं लागलं. आईला माझ्याकडून मिठी द्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. इथे घरासमोर लाकडाच्या उंच मांडवांवर मासे वाळत असतात. आपण बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर घालतो, तसे हे लोक शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीनं टांगतात. परवा काका-काकू नातेवाइकांकडे लग्नाला गेले होते. दुपारी आभाळ काळं झालं आणि पाऊस सुरू झाला. मी विचारच केला नाही, बाबा. आपल्या आळीत ढग आले की आईनं हाक मारायच्या आत आपण धावतो, तशी धावले. शिडी लावली, सुतळ्या कापल्या आणि मासे होडीच्या शेडमध्ये ओढत नेले. काही हातातून सुटून चिखलात पडले. मांडव रिकामा झाला तेव्हा मला कोण अभिमान वाटत होता.

हाकोनकाका आले आणि शेडच्या दारात उभे राहिले. का, एवढंच विचारलं. पाऊस आला, मी म्हणाले. त्यावर त्यांनी सांगितलं की इथे मासे मे महिन्यापर्यंत पावसात, बर्फात बाहेरच असतात. थंडीच त्यांना राखते. त्यांच्या आजोबांच्या काळापासून कुणी ते आत आणलेले नाहीत. मग ते घरात गेले. काकू म्हणाल्या, आमचं अख्खं वर्ष या माशांवर आहे. चिखल लागलेल्यांतले किती विकले जातील ते मे महिन्यात खरेदीदार तपासेल तेव्हाच कळेल.

सकाळी काकांनी मला हाक मारली आणि सुतळीचा गुंडा हातात दिला. दिवसभर आम्ही मासे धुतले, बांधले, पुन्हा टांगले. ते फारसं बोलले नाहीत. ही तक्रार म्हणायची का, मला कळत नाही. मला इथून जायचं नाही. पण अट तुमची आहे, आणि लपवणं मला जमलं नसतं. परत यायचं का ते कळवा. आईला सांगायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा.

रागावलात तरी मनातून उतरवू नका.

तुमची,
भाविनी

* * *

डहाणू,
ता. ३० मार्च २०२५

चि. भाविनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी प्रथम रागावलो आणि परतीच्या विमानांची चौकशीही केली. मग ते तुझ्या आईला वाचून दाखवले. तिने ते उधव्याच्या बाजारात सगळ्यांना सांगितले, त्यामुळे आता मत देणाऱ्यांची कमतरता नाही. तिचे जुने गिऱ्हाईक, झरी गावची गंगी, म्हणाली की तिची सून अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले भिजत असली तरी मोबाइलवरून मान वर करीत नाही. अशी पोर नॉर्वेला फुकट घालवण्यापेक्षा मला द्यायची होतीत. तुझी आई मात्र हसली नाही. ती मला म्हणाली, "पाऊस आला आणि ती खिडकीत बसून राहिली असती, तर मला लाज वाटली असती."

मला हे पूर्णपणे मान्य नाही. परक्या घरच्या वाळवणाला विचारल्याशिवाय हात लावू नये, मग हेतू कितीही चांगला असो. एक फोन करणे तुला शक्य होते. परंतु ज्या माणसाने दुसऱ्याच दिवशी तुझ्याच हाती सुतळी दिली, त्याने तक्रार केली असे मी म्हणणार नाही. अट मोडलेली नाही. परत येऊ नकोस.

मात्र पुढेही जाऊ नकोस. राहिलेले देश राहू देत. तुझ्या व्हिसाची मुदत मे अखेरपर्यंत पुरते, हे मी तपासले आहे. मासे मांडवावरून उतरवेपर्यंत तिथे राहा, पाहुणी म्हणून नव्हे, कामाला. खरेदीदार तपासायला येईल तेव्हा हाकोन यांच्या शेजारी उभी राहा आणि तो जे सांगेल ते त्यांच्यासोबत ऐक. राहू द्याल का, हे त्यांना तू स्वतः विचार. तुझ्या वतीने मी शब्द टाकणार नाही, आणि यापुढे कुठल्याही घरासाठी तुला अटही घालणार नाही. परवाचे पत्र लिहिणाऱ्या मुलीला अटीची गरज नाही.

तुझी आई चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला जाईल तेव्हा महालक्ष्मीपुढे एक नारळ हाकोन यांच्या माशांसाठी फोडणार आहे. नॉर्वेचे मासे देवीच्या हद्दीत येतात का, असे मी विचारले. तिने पिशवीत एकाऐवजी दोन नारळ ठेवले.

तुझ्यावरची आमची माया होती तशीच आहे. हेही त्या दोघांना सांग.

तुझा,
प्रविण जगन्नाथ पागधरे
डहाणू, ३० मार्च २०२५