भिकुबाईच्या उखाण्यातली किल्ली

मी पितांबर दगा पाटील, वय बहात्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार म्हसावद. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही, पत्नी भिकुबाई स्वयंपाकघरात आहे. अशा स्थितीत स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहितो.

१. घर भिकुबाईला. तिला तिथून कुणी हलवू नये. हिंमत असेल त्याने हलवून पाहावे.

२. शेत चिरंजीव भाग्येशला. माझ्या मोबाइलमधल्या कुलूपबंद फाइलींत पैसा दडलाय असे समजून त्याने तो नंदुरबारच्या एका दुकानात नेला. दुकानदार सगळे पुसूनच टाकणार होता; मी वेळेवर रिक्षातून उतरलो. म्हणून माझी एक्स्चेंजमधली पक्कड भाग्येशला नाही. ती आमचे जुने लाइनमन गोवाल यांना आजच हातात दिली, कारण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही म्हणे.

३. मोबाइल कन्या रुचिकाला. तिने स्वतःच्या मनाने लग्न केले, तेव्हापासून भिकुबाई तिच्याशी बोलत नाही. रुचिका सुरतहून मला ईमेल करते. दुसऱ्याच्या बोलण्याला किती कान लागतात हे मी एक्स्चेंजमध्ये पाहिले आहे, म्हणून तिच्याकडूनच ते एन्क्रिप्ट करण्याची सोय करून घेतली. पासवर्डशिवाय नुसती गिचमिड दिसते. वाचून दाखवतो म्हटले की भिकुबाई "माले नही ऐकनं" म्हणून उठते. त्यामुळे प्रत्येक ईमेलात तिचीच चौकशी असते, हे तिला ठाऊकच नाही.

४. पासवर्ड रुचिकालाही माहीत नाही. आमच्या लग्नात मी बँडवाल्यांशी भांडत होतो, ते पाहून भिकुबाईने उंबरठ्यावर जो उखाणा घेतला, तोच पासवर्ड. वऱ्हाड हसले, मी रुसलो, आणि तिने माझे नाव पुन्हा कधी घेतले नाही. माझ्यामागे तिने रुचिकाशेजारी बसून तो सांगावा, रुचिकाने टाइप करावा. दोघी बोलल्या पाहिजेत. बाकीची कलमे भरीची आहेत.

५. ऐनवेळची पुरवणी : साक्षीदारांना हे वाचून दाखवत असता भिकुबाई स्वयंपाकघरातून लाटणे घेऊन आली. "तुम्ही मरशात तवलोंग मी वाट दखत बसू का?" असे म्हणून तिने सर्वांसमक्ष उखाणा घेतला :

तापीना काठले केळीना बाग,
पितांबररावना नाकवर कायम राग.

साक्षीदार हसले. या खेपेस मीही हसलो. पासवर्ड फुटल्याने कलम ४ रद्द. मी ईमेल उघडून दिले. दुसरे वाचून होण्याआधीच तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "पोरले फोन लावा."

साक्षीदार : १) गोवाल रुपसिंग वसावे, तळोदा. २) राजेंद्र मगन चौधरी, शेजारी.

सही : पितांबर दगा पाटील

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

स्थळ : म्हसावद, घराबाहेरचा ओटा. आत मायलेकी फोनवर बोलताहेत, म्हणून साक्षीदारांना घेऊन बाहेर आलो आणि दार ओढून घेतले.