चुंबकाचे चाप

दातिवरे,
ता. १७ जानेवारी १९८७

चिरंजीव नामदेवास, बाबाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. तुझ्या आईचा गुडघा तसाच आहे, तरी मासळीची पाटी काही सोडत नाही. सांगून थकलो. तुझी बोईसरची कंपनी बंद झाली ते वाचलं. गावी येऊन बोटीवर चढतो म्हणतोस, तर ये. घरच्या बोटीवर यायला विचारायचं काय?

केबिनमधल्या पहिल्या कपाटाचे खण बंद राहावेत म्हणून तू चुंबकाचे चाप बसवलेस, तसलेच दुसऱ्या कपाटालाही आणू का, असं विचारलंस. आणू नकोस. खाऱ्या हवेत गंजतात. पितळेचे आण, बोटाने दाबल्यावर उघडणारे. नुसता हूक नको. बोट डोलली की तो निसटतो आणि खण बाहेर येऊन पायावर आदळतो. मागे आपल्या खलाशाचा, नवशाचा, अंगठा असाच ठेचला. त्याने दिलेल्या शिव्या तुझ्या आईला किनाऱ्यावर ऐकू गेल्या असतील. स्क्रूही पितळेचेच बघ. दुकानदार लोखंडाचे गळ्यात मारेल.

इथवर लिहून पत्र मिटणार होतो. पण तू आल्या आल्या पहिलं कपाट बघशील. चाप गंजले नव्हते. मीच उपटून खाडीत फेकले.

गेल्या महिन्यात परतताना सकाळी दाट धुकं होतं. किनारा दिसेना, म्हणून होकायंत्रावर भरवसा ठेवून सुकाणू धरलं. बोट सरळ एडवणच्या खडकावर चढली. माणसं वाचली. जाळं गेलं, तळाची फळी फुटली. दुसऱ्या दिवशी बोट दुरुस्तीला वर ओढली, तेव्हा केबिनमध्ये एकटाच बसलो होतो. होकायंत्राखालचा खण उघडला, तर सुई हलली. बंद केला, पुन्हा हलली. तुझे चाप तिला खेचत होते. तू हौसेने बसवलेस, मीही येईल त्याला खण उघडून दाखवत होतो. दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच संध्याकाळी सगळे खलाशी जमले. नवशाने विचारलं, "तांडेल, असा कसा झाला?"

मी म्हटलं, "माझ्या डोल्यांना आता दिसत नाय रे. सुई चुकीची वाचली."

खरं सांगितलं असतं तर तुला बोटीवर कोणी उभं केलं नसतं. कंपनीत गेलेल्या पोराला बोटीतलं काय कळणार, असं आधीच बोलतात.

नवशा खाली बघत म्हणाला, "मग तुमी आता सुकाणू धरू नका. आमची पण पोरा हाईत."

बरोबरच बोलला. आता बोटीचा तांडेल तो, सुकाणू त्याच्या हाती. मी घरी जाळी विणतो. डोळे चांगले आहेत हे कळू नये म्हणून तुटलेला धागा तुझ्या आईला शोधायला लावतो. तिलाही हे सांगितलेलं नाही.

वाईट वाटतं रे, खोटं कशाला बोलू. बोट सुटायच्या वेळी मी किनाऱ्यावर जात नाही. फार थकल्यासारखं होतं.

तू आलास की नवशाचं ऐक, उलट बोलू नकोस. यातलं कोणापाशी काढू नकोस. चाप मात्र तूच बसव, आणि बसवल्यावर एकेक खण उघडून सुईकडे बघ.

आजवर पत्राखाली पुंडलिक तांडेल लिहीत आलो. आताही हात तिकडेच वळत होता.

तुझा बाबा,
पुंडलिक