किटलीसमोरचा पेला

सोमवार, ३ मार्च
आले एकदाची मेलबर्नला. दिराकडे गुंगालिनच्या थंडीत चार हिवाळे काढल्यावर इथल्या पॉइंट कुक उपनगरातला खाडीवरचा वारासुद्धा लाडाचा वाटतो. नोकरी एका खासगी संग्रहालयात. शंभर वर्षांपूर्वी शांघाय बंदरात ज्या टोळ्यांची दहशत होती, त्यांच्या वस्तूंची यादी करायची. अफू, जुगारअड्डे, गोदीतले हमाल, सगळं त्यांच्या मुठीत. आमचे साहेब मार्टिन मूळचे वसईचे. म्हणाले, नो वरीज, इथे कुणी घड्याळ बघत नाही, निवांत जेवत जा. फक्त एक खडा लागला. मयूरा नावाची पुण्याची मुलगी आजच रुजू झाली. जूनमध्ये दोघींतली एकच कायम होणार.

गुरुवार, १३ मार्च
आज चहाचा संच उलगडला. टोळीवाले तोंडापेक्षा पेल्यांनीच जास्त बोलायचे म्हणे. किटलीच्या तोंडासमोर एकच भरलेला पेला ठेवला, की अर्थ असा: वैरी मला जड जातोय, मदत करा. तो पेला जो पिईल, त्याने त्या वैऱ्याला संपवायची शपथ घेतली. नको असेल तर चहा ओतून टाकायचा. हे सगळं मयूराने चिनी टिपणांतून वाचून दाखवलं. चिनी येतं बाईसाहेबांना, युनिव्हर्सिटीत शिकल्यात. मार्टिन सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून ऐकत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

मंगळवार, २५ मार्च
मयूराची मांडणी छान, मयूराची लेबलं छान, तिने डब्यात आणलेली अळूवडीही छान. मी जळते तिच्यावर. लिहून टाकलं, आता तरी हलकं वाटू दे. ती कायम झाली तर मी परत गुंगालिनला, दिराच्या घरातल्या मागच्या खोलीत.

बुधवार, २ एप्रिल
सकाळी सरांच्या खोलीबाहेर चहा भरून ठेवलेला. तोही संचातल्या पेल्यात. मी असं केलं असतं तर केवढा गहजब झाला असता. सरांची मर्जी राखायला मयूराने ठेवला असणार, म्हणून मी मुद्दाम उचलला आणि एका दमात संपवला. पेला खाली ठेवताना दिसलं, शेजारच्या किटलीचं तोंड त्याच्याकडेच होतं. असू दे. आलं छान उतरलं होतं.

सोमवार, ७ एप्रिल
विचित्र दिवस. माझ्या मेलवरून सरांना माझ्याच चुकांची यादी गेलीये. सगळ्या खऱ्या. मी पाठवल्याचं आठवत नाही. दुपारी उजव्या हाताने फुलदाणी पाडली. धक्का नव्हता लागला. हाताने ढकलली, मी बघत होते.

गुरुवार, १० एप्रिल
मयूरा रडत आली. म्हणाली, सॉरी गं, तो पेला मीच मांडला होता. गंमत म्हणून, मनात तुझं नाव घेऊन. माझ्यासमोर सर सारखं तुझंच कौतुक करतात, सहन होईना. तिचं ऐकून, खरं लिहिते, आधी मला आनंदच झाला. ती माझ्यावर जळते. मग लक्षात आलं. तिचा वैरी मी. आणि शपथ प्यायले तीही मीच.

शुक्रवार, ११ एप्रिल
मयूराने टिपणं पुन्हा चाळली. काम पुरं होईपर्यंत शपथ सुटत नाही. एवढंच. भाजी चिरताना सुरी माझ्याकडे वळली — दोनदा — डाव्या हाताने मनगट धरलं म्हणून —

शनिवार, सकाळ
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं. उजवा ओढणीने पलंगाच्या दांड्याला बांधलाय. मयूरा निघालीये, फ्रीवेवर आहे. वीस मिनिटं —
गाठ पक्की आहे. ओढून बघितली. दोन वेढे, वर निरगाठ.
पण एका हाताने निरगाठ मी कशी —
दुसरं टोक उजव्यानेच धरलं होतं. म्हणजे त्याला ती सोडताही —